कोंढ्याच्या एकराशी बरोबरी

बाबा,

नागपूरच्या इंग्रजी शाळेत सिस्टर आम्हाला शिकवायच्या की वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना आधी प्रकृतीची चौकशी करावी. तुमच्या प्रकृतीची चौकशी करण्यात आता अर्थ उरलेला नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. तुम्ही मला घर घेऊन दिलंत ते चुकीच्या कारणासाठी. घर चांगलं निघालं, मी याच घरात म्हातारी झाले, याच ओसरीवर बसून हे लिहिते आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार कारणाबद्दल आहे. तुम्ही गेल्यावर हा राग आपोआप ओसरेल असं मला वाटलं होतं. उलट तुम्हाला उत्तर देता येत नाही असं पाहून तो चांगलं बाळसं धरून बसला आहे.

सगळं सुरू झालं ते कोंढा गावातल्या त्या एकरापासून. आजीकडून तुमच्या वाट्याला आलेली ती धानाची शेती तुम्ही बटईनं दिली होती: कसायची बटईदारानं, पीक दोघांचं अर्धं अर्धं. पोट भरायचं ते भंडाऱ्यातल्या सुताच्या दुकानावर, पण मोजायचं सगळं कोंढ्याच्या मापानं. घरात काही आणायचं ठरलं की तुम्ही डोळे मिटून मनात हिशेब करायचात आणि मग निकाल सांगायचात. सायकल म्हणजे अर्ध्या एकराचं धान. दुकानातला पंखा म्हणजे पाव एकराचं, वर वीज वेगळी. मी सुट्टीत घरी आले की पाहुण्यांसमोर माझी ओळखही तशीच व्हायची. "ही धाकटी. दरवर्षी माहा एक एकर इंग्रजीत खाऊन राहिली." पाहुणे हसायचे, मी आत जाऊन आईजवळ फणफणायची, आणि आई म्हणायची, "खा ना मंग. दाबून खा. एकरभर आहे."

तुमच्या त्या मापाला मी तेव्हा नावं ठेवली, पण त्यामागचा विचार पक्का होता हे मला गणित शिकवायला लागल्यावर कळलं. पैसा कुठं घालायचा असेल तर तुम्ही 'यात फायदा आहे का' असं विचारत नव्हतात. फायदा कशातही थोडाफार असतोच. तुम्ही विचारायचात, "तेवढ्याच पैशात कोंढ्याले शेत घेतलं तर काय भेटते? त्याच्याहून जास्त भेटन काय?" भेटत असेल तर पुढं बोलायचं, नसेल तर उठायचं. तुमच्या ओळखीचे कितीतरी लोक कुणी ट्रक घे, कुणी पिठाची गिरणी टाक, असं करून बुडाले आणि तुम्ही आपले दुकानाच्या गादीवर बसून डोळे मिटत राहिलात.

ताईच्या लग्नाला मात्र तुम्ही डोळे मिटले नाहीत. मांडव, बँड, गोंदियाच्या पाहुण्यांची सोय, दागिने, भांडी. कोंढ्याचा हिशेब कुणी काढला नाही. आणि लग्न झाल्यावर तुम्ही जाहीर केलंत, "मोठीले जेवढं दिलं तेवढंच धाकटीचं. बाजूले काढून ठेवलं आहे." मला तेव्हा भंडाऱ्यातच मुलींच्या शाळेत नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि बघायला येणाऱ्यांची रांग लागली होती. रांग म्हणजे काय, महिन्यातून एक टोळी. येऊन पोहे खायची, मला चालायला लावायची, आणि जाताना तुमच्या कानात सांगायची की मुलगी शिकलेली आहे पण फार सरळ बघते. मी सरळ बघते म्हणून तीन घरं परत गेली. चौथं यायच्या आधी मी तुम्हाला म्हटलं की बाजूला काढलेले पैसे माझे असतील तर मला त्या पैशांचं लग्न नको आहे. घर हवं आहे. एका खोलीत मी राहीन, बाकीच्या भाड्यानं देईन. मग लग्न करायचं की नाही ते माझं मी बघेन. निदान पोह्यांच्या बशीकडे पोटासाठी बघावं लागणार नाही.

तुम्ही जेवत होतात. घास खाली ठेवलात. आई चुलीपाशी लाखोरीच्या डाळीचे वडे तळते आहे, तिचा झारा हवेत थांबलेला मला अजून दिसतो.

"घर काय देते?" तुम्ही विचारलंत.

"लग्न काय देतं?" मी म्हटलं. "ताईच्या लग्नात घातलेत ते पैसे कोंढ्याच्या हिशेबानं वर्षाला काय देतात, ते सांगा. मग मी घराचं सांगते."

तुम्ही आईकडे पाहिलंत. आई झारा कढईत घालत म्हणाली, "मले विचारा. मी सांगतो लग्न काय देते." आणि वडे उलटता उलटता ती इतकी हसली की तुम्हालाही हसावं लागलं. हसून झाल्यावर तुम्ही दिलेला शब्द असा होता: "घर एकराले हरवत असन, तर घेऊ. बरोबरीत आलं तरी नाही. हरवलं पाहिजे." मी मान्य केलं. माप तुमचं, डाव माझा. हरले तर चौथ्या टोळीसमोर खाली बघून बसायचं, हेही मी मान्य केलं होतं, आणि मी दिलेला शब्द फिरवत नाही हे तुम्हाला माहीत होतं.

कचेरीच्या मागच्या बाजूचं हे घर तेव्हा जंगल खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाबूंचं होतं. मुलगा नागपूरला, म्हणून ते विकून निघाले होते, आणि मागत होते त्या किमतीत कोंढ्याला एकरभर शेत आलं असतं. चार खोल्या ओळीनं, पुढं सलग ओसरी, वर कवेलूंचं छप्पर, मागं विहीर आणि सीताफळाची दोन झाडं. तुम्ही ते बघायला वैशाखातली भर दुपार निवडलीत आणि आधी निरोपही धाडला नाहीत. मी म्हटलं, निदान ऊन उतरू द्या. तर म्हणालात, "पोरगी द्यायच्या घरी सांगून जाऊ नये, अन् घर घ्यायचं तर उन्हात पहावं. संध्याकाळी सगळेच घरं चांगले दिसते." आईला तुम्ही सोबत घेतलंत, कारण न्हाणी आणि चूल तिनं बघायची. तुम्ही खोल्यांकडे वळूनही पाहिलं नाहीत. ओसरीवर टेकलात आणि प्यायला पाणी मागितलंत.

बाबू उत्साही गृहस्थ होते. "पाणी काय, बाराही महिने. विहीर नाही हो ती, समुद्र आहे."

"समुद्राचं पाणी खारं राह्यते, साहेब," तुम्ही म्हणालात, आणि तांब्या येण्याआधीच मागच्या दारानं विहिरीवर गेलात. मला वाटलं तुम्ही आत डोकावाल. तुम्ही दोर हातात घेतलात. कुठपर्यंत ओला आहे, कुठपर्यंत रहाटाच्या घासण्यानं झिजला आहे, हे बोटांनी बघत बघत शेवटापर्यंत गेलात. मग बाबूंना म्हणालात, "समुद्र मे महिन्यात जरा खाली जाते वाटते." बाबू म्हणाले, "जाते, पण जाऊन कुठं जाणार? तिथंच राह्यते." हे उत्तर तुम्हाला आवडलं. घरी जाताना तुम्ही दोनदा ते स्वतःशी म्हणालात. आईनं तिचा निकाल वाटेत दिला: न्हाणीला उतार आहे, चुलीचा धूर शेजारच्या खोलीत जातो, आणि तिसऱ्या खोलीला खिडकी नाही, तिथं कोणी बाईमाणूस टिकणार नाही. कोर्टातला एखादा एकटा बाबू टिकेल, तो दिवसभर घरी नसतोच. बाबा, भाडेकरू कोण येईल, किती राहील, का सोडून जाईल, हे आईनं न्हाणीत उभं राहून सांगितलं होतं, आणि ते तुम्ही हिशेबात धरलंत, हे मी तुमच्या बाजूनं नोंदवून ठेवते. कारण पुढं जे तुम्ही केलंत ते मी नोंदवल्याशिवाय राहणार नाही.

त्याच दिवशी जेवताना तुम्ही हिशेब मांडलात, तोंडीच. घराकडून तुम्ही तीन खोल्यांचं भाडं धरलंत. मग त्यातून कापायला लागलात. बिनखिडकीची खोली वर्षातले काही महिने रिकामी. पावसाळ्याच्या आधी कवेलू फेरणाऱ्याची मजुरी. चुना. नगरपालिकेचा कर. एखादा भाडेकरू शेवटच्या महिन्याचं न देताच जाणार, तेही. विहिरीचा गाळ. सगळं खरं होतं. मग तुम्ही कोंढ्याकडे वळलात आणि तुमचा आवाज एकदम गोड झाला. तलाव भरलेला, धान कमरेइतकं, अर्धा वाटा इतक्या खंड्या, आणि भाव श्रावणातला. घर सपशेल हरलं. मी हात धुवायला उठले होते, ती परत बसले.

"बाबा, कोंढ्याचं धान तुम्ही विकता कधी?"

"दिवाळी झाल्यावर. नेहमीचंच."

"मग भाव श्रावणातला का धरलात?"

"श्रावणात भाव जास्त राह्यते म्हणून."

"आणि हे कमरेइतकं धान कोणत्या वर्षीचं?"

"चांगल्या वर्षीचं."

"आणि घराची रिकामी खोली?"

"ते वाईट वर्षीचं," तुम्ही अगदी सहज म्हणालात. "घर आपल्यासाठी नवं आहे वो बाई. नव्याचं वाईट पहावं अन् जुन्याचं चांगलं."

तेव्हा माझा जो पारा चढला, तो बाबा, घरासाठी नव्हता. मला एकदम ती पोह्यांची बशी समोर दिसली. मी म्हटलं की मला बघायला येणारेही हेच करतात. मुलाचा पगार धरतात पुढच्या बढतीनंतरचा आणि मुलीचा रंग धरतात ती उन्हातून आल्याबरोबरचा. मग म्हणतात, तोलून पाहिलं, जमत नाही. एका पारड्यात श्रावण आणि दुसऱ्यात वैशाख घालून तोलणाऱ्या वाण्याकडून तुम्ही सूत घ्याल का? तुम्ही ताटावरून उठलात आणि दाराशी जाऊन म्हणालात, "इंग्रजी शाळेत बापाचं माप काढायले शिकवते काय?" हे तुम्ही मला आयुष्यात बोललेलं सर्वांत कडू वाक्य. माझं उत्तर तयार होतं, पण आईनं माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की ते गिळावं लागलं.

त्यानंतर काही दिवस तुम्ही माझ्याशी आईमार्फत बोललात. मी समोर बसलेली असताना म्हणायचात, "तिले सांग, शाळेत जाताना छत्री ने." आई मला म्हणायची, "छत्री ने म्हणते." मी आईला म्हणायची, "नेते म्हणावं." आई वैतागून म्हणायची, "मी का पोस्टमन आहो?" पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. दुकानातून आल्यावर तुम्ही ओसरीवर बसून डोळे मिटत होतात, आणि नेहमीपेक्षा फार वेळ मिटत होतात.

शेवटी एका रविवारी तुम्ही स्वतःच विषय काढलात, माझ्याकडे न बघता. आठवतील तेवढी सगळी वर्षं तुम्ही मनात मांडली होती. तलाव भरला ती, अर्धा भरला ती, मावा पडून धान गेलं ती, आणि ज्या वर्षी बटईदाराच्या घरी आजारपण होतं म्हणून तुम्ही वाटाच घेतला नाहीत ते वर्षही. चांगलं-वाईट एकत्र कालवून मधलं वर्ष काढलं, आणि भाव लावला तो दिवाळीनंतरचा. घराचंही तसंच केलंत. बिनखिडकीची खोली कधीतरी भरलेलीही असणार हे कबूल केलंत. "बरोबरीत सुटले," तुम्ही म्हणालात. "ना एकर हरला, ना घर."

बरोबरी म्हणजे नाही. शब्द तसा होता. मी उठले. खरंच सांगते, मला रडू येत नव्हतं. तुमचा हिशेब पहिल्यांदा सरळ झाला होता आणि त्यात मी हरले होते, यात मला कुठंतरी बरंही वाटत होतं. मी म्हटलं, बोलवा चौथ्यांना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब ना. हा एकर माह्या हातात एवढं देते. तुह्या हातात काय देईल?"

"का? मला पाय नाहीत कोंढ्याला जायला?"

"पाय आहेत. पण तू खळ्यावर उभी राहिली तर बटईदार तुले अर्ध्याचं पाव सांगन, अन् तुले समजणार नाही. शेताले मालक दिसावा लागते. भाड्याचं तसं नाही. ओसरीवर बसली की आलं भाडं. म्हणून माह्या हातात बरोबरी, तुह्या हातात घर जास्त. मंग घर घेऊ."

आईनं देवापुढं साखर ठेवली. मी त्या दिवशी जेवले नाही. घर मला मिळालं ते घर जिंकलं म्हणून नव्हे, मी कच्ची ठरले म्हणून. सरळ हिशेबानं नाही मिळालं असतं तर मी पचवलं असतं. असं मिळालेलं घर तोंडावर फेकावं असं वाटत होतं, पण घर फेकता येत नाही, आणि मला ते हवं होतं. कागद माझ्या नावावर झाले. बाबूंनी जाताना मला विहिरीचा दोर दाखवून सांगितलं, "समुद्र सांभाळा." मी राहायला आले, कोर्टातला एक एकटा लघुलेखक बिनखिडकीच्या खोलीत आला, सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई आणि पाटबंधारे खात्यातल्या एका ओव्हरसियरचं कुटुंब बाकीच्या दोन खोल्यांत. पहिल्या महिन्याचं भाडं हातात आलं तेव्हा मी दाराआड जाऊन नाचले. राग वेगळा, भाडं वेगळं.

पण मी गप्प बसणारी नव्हते. त्याच हंगामात धानाची मळणी सुरू आहे असं कळल्यावर मी शाळेतून रजा घेतली आणि तुम्हाला न सांगता कोंढ्याची बस पकडली. मनात ठरवलं होतं की वाटा मी स्वतः मोजून घेणार आणि दाण्याचाही फरक पडू देणार नाही. खळ्यावर पोचले. तुमचा बटईदार, त्याची बायको, दोन भाऊ, सगळे कामात. मला पाहून एकदम धावपळ उडाली. "मॅडम आल्या, मॅडम आल्या." पाटलाच्या घरून लाकडी खुर्ची आली, दूर आंब्याच्या सावलीत मांडली गेली, कारण खळ्यावर भुसा उडतो आणि मॅडमचं पातळ खराब होईल. चहा आला. चहा झाला तर पापड आला. मी उठायला लागले की कोणीतरी म्हणायचं, "बसा ना मॅडम, तुम्ही कायले उन्हात?" त्याच्या बायकोनं माझ्या पगाराची, आईच्या गुडघ्यांची, ताईच्या पोरांची इतक्या मायेनं चौकशी केली की मी शेवटी खळ्याकडे पाहिलं तेव्हा वाटण्या होऊन तुमची पोती गाडीवर चढली होती. मी काही विचारलं असतं तर माझंच तोंड वाईट दिसलं असतं. मला कोणी फसवलं नव्हतं. मला खुर्ची दिली होती.

तुम्हाला सांगणं भाग होतं, पोती दारात आलीच होती. तुम्ही पोती पाहिलीत, मला पाहिलंत, आणि बराच वेळ तुमच्या मिशा हलत राहिल्या. "खुर्ची दिली?" तुम्ही विचारलंत. "मले इतक्या वर्षांत कधी नाही दिली."

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. जुनं पातळ नेसून, डोक्याला टापशी गुंडाळून. खुर्ची आली, मी तिच्यावर पिशवी ठेवली आणि खळ्यात जाऊन उभी राहिले. भुसा नाकातोंडात गेला, चहा उभ्यानं प्यायले, तो गार झाला होता. बटईदार दोनदा म्हणाला, "मॅडम, बसा ना," आणि मी दोनदा म्हटलं, "बसायला मला शाळेत खुर्ची आहे." मग तो हसला, आणि माझ्यादेखत मापानं माप टाकत गेला. वाटा भरला तो तुमच्या हातात भरायचा तेवढाच. मी विजयी होऊन तुमच्या घरी आले. तुम्हाला पोती मोजायला लावली आणि म्हटलं, "बघा. माझ्या हातात एकर तेवढंच देतो."

तुम्ही नीट मोजलीत. मान हलवलीत. आणि म्हणालात, "खरं आहे. तेवढंच देते. मंग बरोबरीच झाली की. घर घ्यायचं कारणच राहिलं नाही. विकून टाकू काय?"

बाबा, मी गणित शिकवत होते, तरी तो मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. आई आतून ओरडली, "विका, विका. अन् दोघंही जा कोंढ्याले. मले तरी शांतता भेटन." घर विकलं नाही, पण त्या दिवसापासून आपला खेळ सुरू झाला तो तुम्ही असेपर्यंत संपला नाही. दरवर्षी दिवाळीला, अभ्यंगस्नान झाल्यावर, चकल्यांचा डबा मध्ये ठेवून आपण घर आणि एकर समोरासमोर मांडायचो. आता माप सरळ होतं, दोघांनाही एकच. ओव्हरसियरची बदली झाली आणि त्याची खोली पावसाळाभर रिकामी राहिली, त्या दिवाळीला तुम्ही चकली मोडता मोडता विचारलंत, "खोली कशी आहे? एकटी वाटत असन तिले." मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग एका वर्षी तलाव भरलाच नाही, धान लोंबीतच वाळलं, घर मोठ्या फरकानं जिंकलं, आणि मी जिलेबी घेऊन आले. तुम्ही जिलेबीला हात लावला नाहीत. "ज्याच्या घरी दाणे नाहीत त्याच्यावर जिंकू नये," म्हणालात. बरोबर होतं. पण माझ्या रिकाम्या खोलीवर तुम्ही मिटक्या मारल्यात त्याचं काय, हे मी तेव्हाही विचारलं आणि आजही विचारते. तुम्ही म्हणालात, खोलीले भूक लागत नाही. जिलेबी आईनं नर्सबाईंच्या मुलांना दिली.

सन ऐंशीनंतर गावात बांधकामं वाढली, भाडी वाढली, आणि घर लागोपाठ जिंकायला लागलं. तुम्ही चिडायचात, पण हिशेब कधी वाकडा केला नाहीत. शेवटच्या दिवाळीला तुम्ही खाटेवर होतात. मी घराचे आकडे सांगितले, तुम्ही कोंढ्याचे. किती सूक्ष्म फरकानं ते आता आठवत नाही, पण एकर जिंकला. तुमचा चेहरा असा खुलला की आईला वाटलं औषध लागू पडलं. मी खूप भांडले. भाव मागच्या वर्षीचा आहे म्हटलं, अर्धा वाटा पुन्हा मोजा म्हटलं. तुम्ही डोळे मिटलेत, पुन्हा मोजलंत, आणि म्हणालात, "एकरच."

परवा ताईचा मुलगा आला होता. नागपूरला भाड्यानं देण्यासाठी फ्लॅट घेतो आहे. मोबाईल पुढं धरून मला शिकवायला लागला की मावशी, आता असं मनानं नाही घेत, बेंचमार्क लावतात; अमुक टक्के भाडं आलं तर घ्यायचं, नाही तर सोडायचं. मी विचारलं, हे टक्के कोणत्या गावचे? तो म्हणाला, सगळीकडचे. मी विचारलं, फ्लॅट रिकामा राहील ते महिने धरलेस का, आणि ज्याच्याशी तुलना करतोस त्याचंही वाईट वर्ष धरलंस का? तो म्हणाला, ते त्यात येत नाही. मग मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे. उन्हात जाऊन बघ म्हटलं. तुझे पैसे दुसरं काय करू शकले असते ते तुझ्या गावचं, तुझ्या हातचं काढ, आणि दोघांना एकाच मापात घाल. तो बिचारा लिहून घ्यायला लागला. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "मग मावशी, तुझं घर आता काय देतं? शेतापेक्षा जास्त?"

"जास्त," मी म्हटलं. "केव्हाही."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही गेलात त्या वर्षीची दिवाळी आली, मी भाड्याचे आकडे मनात जुळवून बसले, आणि कोंढ्याला काय भाव फुटला ते कुणालाच विचारलं नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्यानंतरही कधी नाही. बाबा, कोण जिंकतं आहे ते मला माहीत नाही.